न चाखता केलेल्या नैवेद्याला परवाना मिळण्याबाबत

प्रति,
मा. परवाना अधिकारी,
गृहउद्योग परवाना कक्ष,
ठाणे.

विषय: 'शेवंती नैवेद्य सेवा', बाळकुम, या माझ्या घरगुती व्यवसायावरील शेरे रद्द करून परवाना देण्याबाबत.

संदर्भ: १) आपल्या तपासणीसांचे भेटीनंतरचे शेरे.
२) स्वयंपाक तात्काळ बंद करण्याची आपली नोटीस, जी आमच्या तुळशीवृंदावनाला डिंकाने चिकटवलेली आढळली.

महोदय,

१. "पोर ररली का हातानचा सोर न पयले तिला घे गो बाय, देव कय पलून नाय जात. न देवाचे आधी जीभ लावाची नाय." हे शब्द माझ्या सासूबाई कै. शेवंती केणे यांचे आहेत. आपणांस आमची आगरी बोली कळत नसल्यास खुलासा करते: मूल रडले की हातातले काम सोडून आधी त्याला घ्यावे, देव काही पळून जात नाही, आणि देवाला दाखवण्याआधी नैवेद्य चाखू नये. माझी मुलगी दिशा हिच्या बारशाला तिला माझ्या मांडीवर देताना त्यांनी देवीसमोर माझ्याकडून या दोन्ही गोष्टींचे वचन घेतले. गेल्या चैत्रात त्या गेल्या. माझा सगळा व्यवसाय या दोन वाक्यांवर उभा आहे, आणि आपल्या कक्षाचा आक्षेपही नेमका या दोनच वाक्यांवर आहे.

२. मी पतपेढीत नोकरीला होते. दिशा झाल्यावर "मूल थोडं मोठं झालं की या" असे सांगून त्यांनी माझ्या खुर्चीवर दुसरी मुलगी बसवली. माझे पती ऋतुराज हे एसटीत वाहक असून त्यांची पाळी खोपट आगारातून लागते. घरी येतात तेव्हा झोपायला येतात. आमच्या शेतांच्या जागी आता टॉवर झाले आहेत. त्यांतल्या नोकरदार बायकांना कुळाचार पाळायचा असतो, पण पुरण वाटायला सवड नसते. त्यांच्यासाठी मी घरच्या घरी नैवेद्याची ताटे करून देऊ लागले. मूलही डोळ्यासमोर राहते, दोन पैसेही येतात. यात गुन्हा कोणता, हे मला अद्याप कोणी सांगितलेले नाही.

३. आपले तपासणीस श्री. विश्राम गोठणकर प्रथम आले तेव्हा दिशा स्वयंपाकघराच्या दारात झोळीत झोपली होती. त्यांनी शेरा लिहिला: "उत्पादन स्थळी अनधिकृत व्यक्ती आढळली." ती कामगार असेल तर बालमजुरी होते आणि पाहुणी असेल तर तिला टोपी, हातमोजे व आरोग्य दाखला लागतो, असे त्यांनी मला समजावले. मी वाद घालत नाही. तुळशीला पाणी घातल्याशिवाय मी चहा घेत नाही, मंगळवारी मीठ खात नाही, आणि दारी आलेल्या माणसाला उणे बोलत नाही, ही माझी रोजची व्रते आहेत. मी मुलीला टोपी शिवली. डॉक्टरांकडे दाखला मागायला गेले, तर ते दाखला लिहिताना इतके हसले की सही दोनदा करावी लागली.

४. मूल आत येऊ नये म्हणून ऋतुराजने दाराला कमरेएवढी फळी ठोकली. पुढच्या भेटीत तिचे "अनधिकृत बांधकाम" झाले. त्याच वेळी दिशा फळीपलीकडून रडली. मी गॅस बारीक करून तिला घेतले, दूध पाजले, हात धुऊन परत आले. शेरा: "अर्जदार प्रक्रिया सुरू असताना जागा सोडून जातात." आणि त्याखाली, त्याच शाईत: "फळीमुळे बालकाकडे दुर्लक्ष होण्याचा संभव." महोदय, मी मुलीला घेतले तरी दोषी आणि नाही घेतले तरी दोषी. आपल्या कक्षाने निदान एक दोष निवडावा, म्हणजे तो मनापासून करता येईल.

५. आता तिसरी भेट. गेल्या मंगळवारी रंभाकाकूंच्या नातवाचे जावळ होते; त्यांच्याकडे ते देवीच्या वारीच काढतात. रंभाकाकू आमच्या समोरच्या टॉवरमध्ये राहतात आणि पहिल्या दिवसापासून माझ्या गिऱ्हाईक आहेत. त्यांच्या कुलदेवीचे पुरणपोळीचे ताट मी भरून पाटावर ठेवले होते. श्री. गोठणकर म्हणाले, "मॅडम, खाऊन दाखवा. फॉर्ममध्ये चव तपासणीचा रकाना आहे." मी म्हटले, "साहेब, देवीला दाखवल्यावर खाते." त्यावर ते म्हणाले, "तुम्हीच खात नाय, मग लोकांना काय घालता?" आणि मी हात जोडून नको नको म्हणत असताना त्यांनी देवीच्या ताटातली पोळी उचलली, तूप निथळवून खाल्ली, आणि "एक नंबर!" म्हणत दुसरीला हात घातला.

ताट उष्टे झाले. तिकडे पाहुणे बसलेले, न्हावी येऊन थांबलेला, आणि माझ्याकडे पुन्हा पुरण शिजवायला वेळ नव्हता. त्या दिवशी रंभाकाकूंच्या देवीला साखर दाखवावी लागली. मी फक्त म्हटले, "काकू, पुढच्या मंगळवारी ताट आणते, माझा शब्द." आपल्या तपासणीसांनी मात्र दारातच, माझ्याच पंच्याला हात पुसत शेरा लिहिला: "मालकाचा स्वतःच्या मालावर विश्वास नाही. विषबाधा नाकारता येत नाही." विषबाधेचा संशय असताना त्यांनी दोन पोळ्या खाल्ल्या, याबद्दल त्यांच्या धैर्याची नोंद सेवापुस्तकात व्हावी, ही विनंती.

६. सुनावणीसाठी मी दिशाला घेऊन आले. शिपाई म्हणाले, "ताई, बाळ आत नाय चालत, बाहेर ठेवा." बाहेर म्हणजे जिन्यात. जिन्याच्या भिंतीवर आपल्याच कक्षाचे चित्र होते: कडेवर मूल घेतलेली हसरी बाई, खाली "घरोघरी उद्योजिका". मी त्या चित्राखाली उभी राहिले. आपण दारातूनच विचारलेत, "काय ते एकदा ठरवा ना ताई, आई व्हायचंय का मालक?" मग हाती मसुदा दिलात. व्यवसायाच्या वेळेत माझ्यावर मातृत्वाची कोणतीही जबाबदारी असणार नाही, असे मी शपथेवर लिहून द्यावे, मग परवान्याचा विचार होईल.

७. मी देवासमोर खोटे बोलत नाही, तर नोटरीसमोर कशी बोलू? तरीही मार्ग काढते. तसेच प्रतिज्ञापत्र आपण आधी करावे, की कार्यालयीन वेळेत आपण कोणाचेही पुत्र नाही. त्याची प्रत मिळताच मी सही करीन.

८. सबब विनंती की, तिन्ही भेटींचे शेरे रद्द करावेत, चव तपासणी नैवेद्य दाखवल्यानंतर करावी, आणि परवाना द्यावा. नोटिशीप्रमाणे उद्या माझ्या शेगडीला सील लागणार आहे. ते लागले तर मला पुन्हा कोणाच्या तरी खुर्चीसाठी रांगेत उभे राहावे लागेल आणि मुलीला कुठल्यातरी जिन्यात ठेवावे लागेल. मी शाप देत नाही, ते माझ्या व्रतात बसत नाही. मी फक्त रोज दिव्याजवळ आपले आणि श्री. गोठणकर यांचे नाव घेते, हुद्द्यासकट, म्हणजे देवीचा घोटाळा होऊ नये.

९. आज तो पुढचा मंगळवार आहे. पुरण पहाटे शिजले. मध्येच दिशा दोनदा रडली, दोन्ही वेळा मी तिला घेतले, पुरण लागले नाही. हे ताट मी विकत नाही, त्यामुळे ते आपल्या अधिकारात येत नाही. त्यावर केळीचे पान झाकले आहे. दिशा कडेवर आहे, म्हणून अक्षर वाकडे आले, क्षमस्व. मी आता निघते: आधी रंभाकाकूंकडे, नंतर हा अर्ज घेऊन आपल्या आवक खिडकीवर. सील लावायला कोणी लवकर आलेच तर दाराला कुलूप नाही, ती अनधिकृत फळी तेवढी सरकवावी.

अजून तरी नम्र,

सौ. संचिता ऋतुराज केणे
(कु. दिशा हिची आई, सर्व वेळेत)
बाळकुम, मंगळवार

सोबत:
१. कु. दिशाचा आरोग्य दाखला (दोन सह्यांचा).
२. तिची टोपी. तपासून परत करावी, ऊन फार आहे.
३. प्रतिज्ञापत्राचा मसुदा, कोरा.
४. चवीचा नमुना जोडलेला नाही. आधी देवीला.