भातुकलीचे अनेकवचन

सोलापूर,
१२ मे १९७४

चि. कमलाकर यास वडीलबंधू एकनाथचे अनेक आशीर्वाद.

इकडे माझा गुडघा वगळता सर्व क्षेम. पुण्याच्या हवेत 'दमा बरा आहे' असे तू कळवलेस. दमा बरा असेल, तर तू बरा नाहीस. तेव्हा नेमके कोण बरे आहे, ते उलट टपाली कळवावे.

उन्हामुळे नात शकुंतला आणि शेजारची गुरम्मा दुपारभर आमच्या ओसरीवर असतात. परवा शकू म्हणाली, "आजोबा, आम्ही भातुकल्या खेळतोय." मी सांगितले, भातुकली. खेळ एक, म्हणून एकवचन. "माझी एक चूल, गुरम्माची एक. दोन भातुकल्या की!" (हा 'की' आला की सोलापुरात वाद संपतो.) चुली, पळ्या, पातेल्या यांना मी अनेकवचन बहाल केले, खेळास नाही. तेव्हा निकाल लागला, "बाळ व्हायचं तर थांबा, न्हाईतर आत जावा." ('जावा' हेही अशुद्धच, परंतु एका वेळी एकच.)

मी चटईवर आडवा झालो. शकू म्हणाली, "बाळ लई रडतंय." कमलाकर, गवळ्यापासून तुझ्या वहिनीपर्यंत सर्वांनी मला आजवर आदरार्थी बहुवचनातच ठेवले. नपुंसकलिंगी एकवचनात मी प्रथमच गेलो, आणि काय सांगू, फार हलके वाटले! मान कोणी राखत नव्हते. पाठ मात्र थोपटत होते.

पण गुरम्माला (घरचे वळण चांगले) राहवेना. "बाळ उठले. त्यांना दूध द्या." 'उठले' चालले असते; नपुंसकलिंगी एकवचनही तेच होते. परंतु 'त्यांना'? मी डोळे मिटूनच म्हणालो, "त्याला."

"बाळ बोलतंय!" शकू ओरडली. "हाकला त्याला!"

वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते. मी उठलो, तो गुडघा गुरम्माच्या मातीच्या चुलीवर टेकला आणि ती फुटली. तेव्हापासून दोन्ही घरे मला बंद आहेत. बाळ म्हणून उशी घेतली आहे. उशी स्त्रीलिंगी, कोणालाच खंत नाही.

तुझा,
एकनाथ

ता. क. पितळी भांड्यांच्या दोन भातुकल्या त्वरित पाठव. (खेळ एक, संच दोन, म्हणून अनेकवचन.)

पुन्हा ता. क. वरील ओळ शकूने मला मोठ्याने वाचायला लावली. कंस वाचू दिला नाही. उशी परत खाटेवर गेली आहे. पत्र संध्याकाळी पेटीत टाकीन. तूर्त बाळ निजले. (एकवचनी वाचावे.)