लाल दोऱ्याचं लाटणं

प्रिय आई,

तू गेल्यावर तुला पत्र लिहीन असं वाटलं नव्हतं. पण आज बचत गटात जे झालं ते तुलाच सांगायला हवं. बाकी कुणाला त्यातली मजा कळायची नाही.

तुला एचआयव्ही आहे हे कळलं, त्याच उन्हाळ्यात गट चालवणाऱ्या शेवंताकाकूंनी तुझ्या लाटण्याला लाल दोरा बांधला. गटाची पापडाची सगळी लाटणी एकाच सुताराकडची, एकसारखी. तुझं चुकून कुणाच्या हाती जाऊ नये म्हणून ही खूण. तू हसून म्हणालीस, "बांधू दे गं. दोऱ्यानं हात थोडाच दुखून राहिला." मला तुझा राग आला होता. अजून आहे. एवढं सोसायचं कशाला?

हिंगोलीच्या दवाखान्यातल्या बाईंनी आपल्याला नीट सांगितलं होतं ना? एकत्र जेवल्यानं, शेजारी बसून काम केल्यानं हे लागत नाही. मी तर लहानपणापासून तुझ्या ताटात जेवले, पापडाच्या कच्च्या लाट्या तुझ्या हातून खाल्ल्या. मला काय झालं? तू गेलीस ती हार्ट अटॅकनं. आपल्या डोंगरकडा गावात मात्र अजून "त्याच्यानंच गेली" म्हणतात.

परवा काकू म्हणाल्या, "आईचं लाटणं चुलीत घाल, मंग ये पापडाला."

आज मी सगळ्यांच्या आधी गेले. दोरा सोडला आणि तुझं लाटणं पाटीतल्या बाकीच्यांत मिसळून टाकलं.

काकूंनी पाटीत हात घातला आणि थांबल्या. "दोऱ्याचं कुठंय?"

"यातच हाय. दोरा सोडला मी."

"काहून?"

"काकू, लाकडाला बी आजार होतो व्हय?"

कुणी लाटणं उचलेना. उडदाचा उंडा कुटून तयार होता आणि वर ऊन. वाळला की पापड फाटतो, हे तूच शिकवलंस. मी एक लाटणं घेतलं, कच्ची लाटी तोंडात टाकली आणि लाटायला बसले. काकू उंड्याकडे बघत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "पीठ वाळून राहिलं, बसा गं," आणि त्यांनीही एक उचललं. तुझं कुणाच्या हाती गेलं, मलाही ठाऊक नाही. सगळे पापड एकाच खाटेवर वाळले.

दोरा मी चुलीत घातला. पुन्हा कुणाच्याही लाटण्याला असा दोरा कुणी बांधला, तर तोही सोडीन. आणि तुझ्या आजाराचं नाव मी हळू आवाजात घेणार नाही, हा माझा शब्द.

तुझ्या ताटात जेवलेली,
सुनी