तिसऱ्या सामन्याची वही

सर, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला काही लिहावं असं वाटलं नाही, कारण सांगायचं होतं ते कागदावर उतरवण्यासारखं नव्हतं. गेल्या महिन्यात नवी पेठेत एक भेट झाली आणि तेव्हापासून मनाला चैन नाही. आज शाळेला सुट्टी आहे, घरात कुणी नाही, म्हणून दुपारची बसले आहे. मी अजून गणितच शिकवते. बास्केटबॉलशी माझा संबंध उरलेला नाही.

मी नववीत असताना माझ्या गुडघ्याची वाटी सरकली आणि संघातली माझी जागा गेली. महिनाभरानं प्लॅस्टर निघालं तेव्हा मी तुम्हाला सांगायला आले की आता मी सरावाला येणार नाही. तुम्ही चुन्याची बादली घेऊन मैदानावर रेघा मारत होता. वर न बघता म्हणालात, "घरी बसून काय करणार? टेबलावर बस. लिवायला कुणीतरी लागतंयच की." अशी मी स्कोअर लिहायला बसले. सामना चालू असताना मैदानाच्या कडेला टेबल टाकायचं, समोर स्कोअरशीट ठेवायची, कुणी किती गुण केले, कुणाचे किती फाउल झाले ते लिहायचं. पहिले काही दिवस मला त्या खुर्चीचा राग यायचा. मग सवय झाली.

त्या वर्षी आपल्या संघात दोघी होत्या, ज्यांच्याबद्दल सगळी शाळा बोलायची. एक उंच. घरी यंत्रमाग होते, घरात तेलुगू बोलायचे, आणि तिनं उडी मारली की चेंडू बास्केटमध्ये पडणार हे आम्ही धरूनच चालायचो. दुसरी कुंभारीहून बसनं येणारी, बुटकी, काटक. ती गुण फारसे करायची नाही. समोरच्याच्या हातातला चेंडू काढून घ्यायची आणि कुणाला कळायच्या आत उंच मुलीच्या हातात द्यायची. सराव संपल्यावर नळावर पाणी पिताना मुलींचे दोन गट पडायचे. एक गट म्हणायचा, गुण कोण करतं? दुसरा म्हणायचा, चेंडू कोण आणून देतं? त्या दोघी स्वतः मात्र यात पडत नसत. एकाच बाटलीतलं पाणी पिऊन आपापल्या वाटेनं जायच्या.

त्यातच राज्याच्या शिबिरासाठी आपल्या शाळेकडून एकच नाव मागितलं गेलं. बार्शीच्या संघाशी अजिंक्यपदाचे तीन सामने व्हायचे होते, त्यानंतर तुम्ही नाव कळवणार होता. पहिला सामना आपण जिंकलो. मी स्कोअरशीट घेऊन तुमच्या खोलीत आले तेव्हा तुम्ही उंच मुलीच्या नावापुढचे गुण बोटानं मोजत होता. मी म्हणाले, "सर, कुंभारीचीचं नाव पाठवा. ती जे करते त्याला या कागदावर रकानाच नाही." तुम्ही चष्मा काढलात. "मग तू काढ की रकाना," म्हणालात. "तोंडानं कुणीबी बोलतंय. लिहून दाव."

मी दोनशे पानी वहीत रकाने आखले. कुणी दिलेल्या पासवर बास्केट झाली, कुणी चेंडू काढून घेतला, कुणी रिबाउंड, म्हणजे बास्केट हुकून परत आलेला चेंडू, पकडला. दुसऱ्या सामन्यात एक डोळा स्कोअरशीटवर आणि एक वहीवर ठेवून बसले, आणि बार्शीच्या मुलीनं केलेली एक बास्केट माझ्या हातून लिहायची राहून गेली. त्यांच्या बाजूनं टेबलावर बसलेल्या मुलीनं लगेच हात वर केला. पंचांनी शिट्टी मारून खेळ थांबवला. दोन्ही शाळांची माणसं टेबलाभोवती जमली, कुणीतरी "मुद्दाम केलंय" असंही म्हणालं. मी चूक कबूल केली, त्यांचे दोन गुण लागले, आणि तो सामना आपण हरलो. तुम्ही माणसं पांगल्यावर टेबलाशी आलात आणि हळू म्हणालात, "टेबलावर बसणाऱ्याला आपलं-परकं नसतंय. आधी शीट, मग तुझी वही. दोन्ही जमत नसंल तर वही ठेव बाजूला." मला रडू आलं नाही. कान मात्र तापले, ते अजून आठवतं.

तिसऱ्या सामन्याला मी वही दप्तरातच ठेवली. स्कोअरशीट अशी लिहिली की त्यात काना-मात्रा चुकली नसेल. आपण तीन गुणांनी जिंकलो. शेवटची बास्केट उंच मुलीनं केली आणि पोरींनी तिला उचलून मैदानभर फिरवलं. मी घरी आले. आई भाकऱ्या थापते आहे, मी चुलीपासून जरा लांब पाटावर बसले आहे आणि वही उघडून तिसऱ्या सामन्याचं पान भरते आहे. जेवढं आठवत होतं तेवढं आधी लिहिलं. कुंभारीचीच्या नावापुढे फार काही जमेना. मग मी थोडं वाढवलं. एक पास, आणखी एक, असं करत सहा. आईनं विचारलं, "अभ्यास करतीस का?" मी हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी तुम्ही वही चाळलीत. "सगळं बघून लिहिलंयस न्हवं?" असं विचारलंत. मी त्यालाही हो म्हणाले.

चार दिवसांनी फळ्यावर कुंभारीचीचं नाव लागलं. उंच मुलीनं तिला मिठी मारली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढचं तुम्हाला माहीत आहे. कुंभारीची शिबिराला गेली, पुढे राज्याच्या संघात खेळली, पोलिसात लागली. उंच मुलीचं शिक्षण दहावीनंतर थांबलं आणि दोन वर्षांत लग्न झालं. तिच्या लग्नाला मी गेले होते. हार घातलेली ती स्टेजवरही सगळ्यांपेक्षा उंच दिसत होती आणि मला तिच्याकडे बघवेना. माझ्या सहा रेघांनी हिचं आयुष्य वळवलं असं मी धरून बसले. तुम्ही दवाखान्यात होता तेव्हा हेच सांगायला आले होते. तुम्ही विचारलंत, "पोरं ऐकत्यात का तुझं वर्गात?" मी ऐकतात म्हणाले, मोसंबी सोलून दिली आणि परत आले.

गेल्या महिन्यात भाचीच्या लग्नाचे ब्लाउजपीस घ्यायला नवी पेठेत गेले, तर दुकानात गल्ल्याशेजारी तीच उंच मुलगी उभी. केस पांढरे झालेत, पण ताठ तशीच. "काय गं, वळखलं न्हाईस व्हय?" म्हणाली. दुकान तिचं आणि नवऱ्याचं आहे. चहा मागवला. मला कापड कसलं बघवतंय. दुकानात गर्दी कमी झाल्यावर मी सरळ सांगून टाकलं, की त्या वहीतले सहा पास खोटे होते.

ती कापडाची घडी घालत होती, तशीच घालत राहिली. "माहीत हाय की," म्हणाली.

"कसं?"

"सरांनी मला बोलावलं होतं, नाव पाठवायच्या आदी. वही पुढं ठेवली, म्हणाले, तू मैदानात होतीस, बघ बरं हे बरोबर हाय का. मी वाचलं. म्हणलं, सर, तिसऱ्या मॅचला तिनं मला एवढे पास दिलेच न्हाईत. आमी दोगांनी बसून एकेक बास्केट आठवली. सहा पास खोडले."

मी विचारलं, "मग तरी तिचं नाव कसं गेलं?"

"सर म्हणाले, आता हे खरं झालं. आता तूच सांग, कुणाला पाठवू. मी म्हणलं, तिला." तिनं घडी फळीवर ठेवली. "अगं, मला बॉल आणून दिला तर मी टाकणार. तिकडं शिबिरात मला कोण आणून देणार होतं? ती जाईल तितं कुणालाबी खेळवंल. मी आपल्या पोरींत भारी होते. ती कुटंबी भारी होती."

"तुला वाईट नाही वाटलं?"

"वाटलं की. घरी जाऊन लई रडले. आईला वाटलं परीक्षेत नापास झाले." ती थोडं हसली. "आन् तुला वाटतंय तसं काय न्हाई. माझं नाव गेलं असतं तरी आमच्या अप्पांनी मला धाडलं नसतं. लग्न ठरवायचं त्यांच्या मनात आदीपासून होतं."

मी शेवटी विचारलं की सर माझ्याबद्दल काय म्हणाले. ती म्हणाली, "मी म्हणलं व्हतं, तिला बोलवा, विचारा. तर म्हणाले, नको. चूक तिला ठावं हाय. बोललो तर टेबलावर बसायची न्हाई परत, आन् तिच्यासारखं लिहिणारं दुसरं कुणी न्हाई आपल्याकडं."

पुढचं सबंध वर्ष मी टेबलावर बसले, सर. प्रत्येक सामन्याच्या आधी तुम्ही माझ्यासमोर नवी शीट ठेवायचात आणि एकदाही काही बोलला नाहीत. त्या दिवशी दुकानातून बाहेर पडले तेव्हा हलकं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. तुमचा थोडा रागच आला. रागावला असतात तर मी तेव्हाच रडून मोकळी झाले असते, वीस-पंचवीस वर्षं लग्नातल्या त्या हाराकडे बघत बसले नसते. पण टेबलावर मात्र परत आले नसते, हे तुमचं बरोबर होतं.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते, जी मी तिलाही सांगितली नाही. मला तेव्हा उंच मुलगीच जास्त मोलाची वाटायची. शेवटच्या बास्केटला खुर्चीवरून आधी मीच उठले होते. पण माझा पाय प्लॅस्टरमध्ये होता त्या महिन्यात संघातली एकच जण माझ्या घरी आली, आणि माझ्याशी बोलत बसल्यामुळे तिची शेवटची बस चुकली. माझे वडील सायकलवरून तिला कुंभारीला सोडून आले. तुमच्या खोलीत मी तिचं नाव घेतलं ते त्यामुळे. तिचा खेळ मी तोवर नीट बघितलाच नव्हता.