आईच्या मयताला आलेली पाहुणी

मेरेआना,

तुझ्या आयुष्यावर टीव्हीवाले कार्यक्रम करताहेत. मयताचे तिन्ही दिवस तू आईच्या शवपेटीशेजारी बसून होतीस, असं मी त्यात सांगावं, अशी तुझी इच्छा आहे.

टीव्हीच्या मालिकेत तू दोनदा आंधळी झालीस, एकदा मेलीस आणि पुढच्या वर्षी परत कामावर आलीस. प्रेक्षकांना ते चालतं. आपल्या गावात, ओपोतिकीत, चालत नाही.

तू आलीस तिसऱ्या दिवशी. तीही आपल्या मराएच्या, म्हणजे माओरी कुळाच्या सभाघराच्या, पुढच्या फाटकाशी, ऑकलंडच्या पाहुण्यांच्या घोळक्यात, काळा चष्मा लावून. घरची माणसं मागच्या बाजूनं स्वयंपाकघरात येतात आणि आधी एप्रन बांधतात. तू मात्र स्वागताच्या हाकेची वाट बघत उभी राहिलीस.

हाक देणाऱ्या पारे मावशीनं मला विचारलं, "ही कोण गं? टीव्हीतली नर्स ना?"

"आपली मेरेआना आहे, मावशी."

"मग तिथं काय करतेय? बटाटे काय पाहुण्यांनी सोलायचे?"

तरी मावशीनं हाक दिली, परक्यांना देतात तशीच. मग तू आत येऊन सुरेख रडलीस. कोणी चित्रण करत नव्हतं, पण चेहरा उजेडाकडे होता.

मी खोटं बोलणार नाही. हे पत्रही पोस्टात टाकणार नाही. माणसाचा दोष आपण लिहून पाठवत नाही, सगळ्यांसमोर त्याच्या तोंडावर सांगतो. पुढच्या महिन्यात आईच्या थडग्यावरच्या नव्या दगडाचं सगळ्यांसमोर अनावरण आहे. तेव्हा कार्यक्रमवाल्यांना खुशाल घेऊन ये. त्यांनी विचारलं, की तुझ्याकडे बघून उत्तर देईन.

तुझी मोठी बहीण,
हेनी