पहिल्या कॉलमच्या तळाशी राहिलेला मथळा

मी, त्र्यंबक गोविंद खांबेटे, वय वर्षे सदुसष्ट, धंदा छापखाना व साप्ताहिक ‘खाडीकाठ’चे प्रकाशन, राहणार नौपाडा, ठाणे, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. पत्नी सौ. नीला हिचे मत घेतले असते तर कदाचित दाखला वेगळा मिळाला असता, म्हणून घेतले नाही. प्रकृती बरी आहे, भूक लागते, झोप येते. आयुष्याबद्दल एक गोष्ट सोडून तक्रार नाही, आणि ती एक कलम पाचमध्ये आहे.

कलम १. नौपाड्यातील राहते घर, त्यातील भांडीकुंडी व परसातील शेवग्यासह, सौ. नीला हिचे. शेवगा तोडू नये. शेंगा शेजाऱ्यांना वाटाव्यात, पण आधी घरात आमटी होऊन जाऊ द्यावी. हा क्रम तिने पस्तीस वर्षांत कधी पाळलेला नाही.

कलम २. पोस्टातील शिल्लक तिचीच. माझे दिवस साधेपणाने करावेत.

कलम ३. पुतण्या चि. विश्राम याने दोनदा मला सुचवले, की काका, छपाईच्या खिळ्यांचे शिसे भंगारात घाला, चांगला भाव आहे. ज्या खिळ्यांनी ठाणे-डोंबिवलीच्या निम्म्या लग्नपत्रिका छापल्या, त्यात त्याचीही होती. त्याला माझी छत्री आणि माझे घड्याळ द्यावे. मुलगा वाईट नाही, घाईचा आहे.

कलम ४. छापखाना, म्हणजे पायाने चालवायचे यंत्र, खिळे ठेवायच्या सर्व केसी, जुळवलेला मजकूर ठेवायच्या गॅल्या व ‘खाडीकाठ’चे हक्क, माझी मुलगी चि. चित्रा हिला. मुलीला छापखाना कशाला, असे जे म्हणतील त्यांनी तिने तपासलेले एक प्रूफ आणि स्वतः तपासलेले एक प्रूफ शेजारी ठेवून पाहावे. तिच्यासाठी पुढील सूचना लिहून ठेवतो. मी पाळल्या तेव्हा अंक सुंदर निघाला, मोडल्या तेव्हा काय झाले ते पुढे येईलच.

मथळ्याखाली मजकुराच्या निदान दोन ओळी बसत नसतील तर मथळा त्या कॉलमात ठेवू नये, उचलून पुढच्या कॉलमच्या माथ्यावर न्यावा. परिच्छेदाची शेवटची एकटी ओळ पुढच्या कॉलमात ढकलू नये, पोरकी दिसते. मथळ्याच्या वर जागा जास्त सोडावी, खाली कमी, म्हणजे तो कोणाचा आहे ते कळते. दोन्ही कॉलमांचे तळ एका रेषेत यावेत. त्यासाठी ओळींमधल्या शिशाच्या पट्ट्या घालाव्या-काढाव्या लागल्या तर साऱ्या कॉलमात सारख्या घालाव्या, कुठे दाट कुठे विरळ करू नये. आणि जागा उरली तर उरू द्यावी. मोकळी जागा दिसली की तीत जाहिरात कोंबायची, ही खोड माझी आहे. ती वारसाहक्काने घेऊ नये.

कलम ५. या सूचना माझ्या नाहीत. माझा जुना फोरमन नॉर्मन परेरा, राहणार पूर्वी बाळकुम, हल्ली कल्याण, याच्या आहेत. अठरा वर्षे तो माझ्याकडे पाने बांधत होता. त्याला पट्टी घेऊन मोजावे लागत नसे. डोळ्याने बघून सांगे, शेट, अडीच ओळी जास्त आहेत.

सन १९४९ च्या पावसाळ्यात एका शुक्रवारी त्याने पान बांधून ठेवले आणि भाचीच्या बाप्तिस्म्याला अर्धा दिवस रजेवर गेला. पहिल्या कॉलमच्या तळाशी ‘दुःखद निधन’ हा मथळा व त्याखाली कळव्याच्या एका वृद्ध गृहस्थांबद्दल सहा ओळी होत्या. दुसऱ्या कॉलमच्या माथ्यावर आमच्या रीतीप्रमाणे फोटो होता. त्या आठवड्यात तो गुणाजी म्हात्रे यांचा, पतपेढीचे चेअरमन झाल्याबद्दल. नॉर्मन गेल्यावर मसाल्याची एक जाहिरात आली. मी पहिल्या कॉलमातल्या पट्ट्या काढून ती मध्येच घुसवली. तरी सहा ओळी जास्त झाल्या. त्या मी फोटोखाली नेल्या. मथळा मात्र पहिल्या कॉलमच्या तळाशी एकटाच राहिला.

शनिवारी वाचणाऱ्यांनी मथळा वाचला, डोळा पुढच्या कॉलमच्या माथ्यावर नेला, आणि त्यांना गुणाजी दिसले. खाली सहा ओळी होत्याच, ‘सर्वांच्या मदतीला धावून जाणारे’ वगैरे, नाव अगदी शेवटच्या ओळीत. दुपारपर्यंत त्यांची बहीण ठमाबाई कल्याणहून रडत आली, मागून व्याही आले, तर गुणाजी ओटीवर बसून पोहे खात होते. बाईंनी आधी त्यांना मिठी मारली, मग ताट उडवले.

ते सारे लगोलग छापखान्यात आले. गुणाजी विचारत होते, “हे पान कोणी बांधलं?” मी म्हणालो, “नॉर्मनने.” तो तिथेच उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिले, मग बांधलेल्या खिळ्यांच्या फर्म्याकडे. सोमवारी कामावर आला नाही.

त्यानंतर जिवंत माणसाला मारणारा फोरमन म्हणून त्याला ठाण्यात किंवा कल्याणात कोणी वर्तमानपत्राचे पान बांधायला दिले नाही. तो वह्यांची कव्हरे छापतो. त्याची बायको लुर्दस अजून दर नाताळाला आमच्याकडे डबा पाठवते. मी त्यातले सगळे खातो. मला स्वतःची लाज वाटते, हे मी इथे पहिल्यांदाच लिहीत आहे.

सबब माझ्या मृत्यूनंतर वरील हकीकत ‘खाडीकाठ’च्या पहिल्या पानावर छापावी, आणि कॉलमांमधल्या रेघांचे पितळी रूळ व शिशाच्या पट्ट्या यांची पेटी नॉर्मनला द्यावी.

कलम ६. इथवर काल लिहून झाले होते. रात्री झोप चांगली लागली, आणि सकाळी तेच खटकले. मी मेल्यावर कबुली देणार, म्हणजे पुन्हा एकदा समोर नसणार. म्हणून आज दुपारी कल्याणला गेलो आणि नॉर्मनला कलम पाच वाचून दाखवले.

तो म्हणाला, “मला म्हाईत होतं, शेट. फर्मा बघितला तवाच कललं. पट्ट्या एक सोडून एक तुम्हीच काढता.”

“मग तेव्हा बोलला का नाहीस?”

“मी कशाला बोलू? तुम्ही बोलाल म्हणून थांबलेलो.”

सात वर्षे. माझ्या डोळ्यांना पाणी आले आणि मी ते पुसले नाही. लुर्दसने चहा पुढे ठेवला. मी पेटीचे पुन्हा सांगितले, तर तो म्हणाला, “पेटी नको. आणि तुम्ही गेल्यावर तर काईच छापू नका. तुम्ही हयात असताना छापा. लोक रस्त्यात धरून विचारतील, त्याला जबाब द्यायला तुम्ही पायजेत.”

मी विचारले, पान कोण बांधेल? “मी बांधतो की,” तो म्हणाला.

सबब कलम पाचचा शेवटचा परिच्छेद मी रद्द करीत आहे व त्याबद्दल बाजूला सही केली आहे. ती हकीकत येत्या शनिवारच्या अंकात माझ्या नावाने येईल, आणि शनिवारी मी दिवसभर छापखान्याच्या दारात बसेन. बाकीची कलमे माझ्या पश्चात अमलात यावीत. हे एवढे मात्र माझ्या मरणासाठी थांबवणार नाही.

ठिकाण : ठाणे
दिनांक : १८ नोव्हेंबर १९५६, रविवार

(सही) त्र्यंबक गोविंद खांबेटे

आमच्या समक्ष सही केली, साक्षीदार :
१. (सही) डॉ. गुरुदत्त वामन तेरेदेसाई, नौपाडा
२. (सही) राघो धाकू भोईर, चेंदणी