बिनचकतीची काठी आणि चोवीस अंडी

ईस्टविरुम, १५ मे

ती. बाउक्ये आत्यास,

वित्स्केचा नमस्कार. (वाकून केलेला नाही, उजवा गुडघा सध्या वाकत नाही. का, ते पुढे येईलच.) बेटावर तुझी तब्येत कशी आहे? सायकली भाड्याने देण्याचा हंगाम सुरू झाला का, की तिकडेही इथल्यासारखा पाऊस मुक्कामाला आलाय? इकडे सर्व क्षेम. आजोबांना आणखी थोडं कमी ऐकू येतं, पण त्यांच्या मते ऐकण्यासारखंही आता फारसं उरलेलं नाही. आई बरी आहे. बाबांनी माझी पदवी चौकटीत बसवून बैठकीत लावली. खिळा एकच असल्यामुळे ती कॅलेंडरवरच लागली आणि तेव्हापासून घरात तारीख विचारायची तर शेजारी जावं लागतं. पण आपल्या घराण्यात पहिलीच पदवी, त्यामुळे कुणाची तक्रार नाही. आजोबांनी फक्त एवढंच विचारलं की हिच्यामुळे गाईचा कुठला रोग बरा होतो.

माझं शिक्षण वाया जात नाहीये, हे तुला कळावं म्हणून सविस्तर लिहिते. मी आता गावच्या पक्षीरक्षक मंडळात आहे. (मंडळात मी धरून चौघं आहोत, पैकी दोघांना पाठदुखी आहे.) एबेलेकाकांच्या मोठ्या कुरणात, आपल्या बाजूच्या चरापलीकडे, टिटव्यांची सहा घरटी आहेत. प्रत्येकात चार अंडी. बांधावर दुर्बीण घेऊन बसून मी दिवसांचा हिशेब ठेवलाय. पिल्लं अठ्ठावीस मेच्या सुमारास बाहेर येतील. गवत मात्र आत्ताच गुडघ्याच्या वर गेलंय आणि एबेलेकाकांचं यंत्र तेल घालून तयार उभं आहे. नुसती घरटी वगळून बाकीचं कापलं, तरी भागत नाही, कारण मोकळ्या रानात उरलेले ते सहा झुपके कावळ्यांना पान वाढून ठेवल्यासारखे दिसतात. आख्खं कुरण दोन आठवडे उभं राहायला हवं. सध्या फक्त पावसामुळे राहिलंय. बातम्यांत ढग दाखवले की गावात टाळ्या वाजवणारी मी एकटीच. पण शुक्रवारपासून कडक ऊन सांगितलंय.

म्हणून मी एबेलेकाकांना भेटायला गेले. पहिल्यांदा रीतसर फाटकातून, फाईल घेऊन. त्यांनी ट्रॅक्टर बंद केला नाही. मी चाळीस मिनिटं बोलले, आलेख दाखवले, शेवटी ते कानातले बोळे काढून म्हणाले, "काय म्हणत होतीस?" दुसऱ्यांदा गेले तर म्हणाले, फाटकातून खतवाला येतो, विमेवाला येतो आणि सरकार येतं. ज्याला पाखरांचं काही बोलायचं असेल त्याने चरावरून काठीने उडी मारून यावं; त्यांचे वडीलही तसंच म्हणायचे. अंडी शोधणारे पूर्वी असेच चर ओलांडायचे, ही रीत तुला सांगायला नको. मला ती आधी अन्यायाची वाटली. मग विचार केला की लोकांचं मन वळवायचं तर लोकांच्या वाटेनंच जायला हवं. (हे वाक्य माझ्या प्रबंधाच्या शेवटी आहे.)

आत्या, मी शाळेत असताना उड्या मारल्या आहेत, पण चार वर्षं वाचनालयात बसल्यावर अंगाला ते आठवत नाही. म्हणून मी कागदावर सगळं मांडलं: चराची रुंदी साडेतीन मीटर, पाण्याची खोली, माझं वजन, धावण्याचा वेग, वाऱ्याची दिशा. उत्तर फार सुंदर आलं. काल सकाळी वारा इतका होता की आमच्या कोंबड्या तिरक्या चालत होत्या आणि पाऊस जमिनीला समांतर पडत होता, पण शुक्रवार वाट बघत नाही. गोठ्यामागे आजोबांच्या दोन काठ्या असतात. एक जाड, जड, तळाला लाकडाची गोल चकती असलेली. दुसरी बारीक, हलकी, चकती नसलेली. आजोबा झोपले होते आणि पदवीधर मुलीनं काठी कुठली घ्यायची हे विचारावं, हे मलाच बरं वाटेना. मी हलकी घेतली. वजन कमी म्हणजे वेग जास्त, हे उघड होतं.

चकती कशासाठी असते, ते तुला माहीत आहे. आता मलाही माहीत आहे.

मी धावले, काठी चराच्या मधोमध टेकवली, उडाले, आणि काठी चिखलात उतरू लागली. लोण्यात सुरी जावी तशी मीटरभर आत गेली आणि अगदी सरळ उभी राहून थांबली. टोकाला मी. गणितात चिखल धरलेला नव्हता. पलीकडचा काठ चार हातांवर, अलीकडचाही चार हातांवर, खाली काळं पाणी. वारा आला की काठी पुढे झुकायची, गेला की मागे. अशी मी पंधरा मिनिटं होते. (आजोबा म्हणतात तीन. ते तेव्हा झोपलेले होते.)

पलीकडच्या काठावर एबेलेकाका आले. हातात काळ्या पावाचा तुकडा, त्यावर चीज. माझी रेनकोटाची टोपी नाकापर्यंत उतरली होती.

"कोण गं तू?"

"वित्स्के. हिल्केआजोबांची नात."

"ती शिकलेली?"

"हो."

"दिसतंय," म्हणाले, आणि एक घास घेतला.

मी ठरवलं की श्रोता समोर आहे आणि ट्रॅक्टर बंद आहे, अशी संधी पुन्हा येणार नाही. मी वरूनच बोलायला सुरुवात केली: टिटव्यांची संख्या वीस वर्षांत किती घटली, पिल्लांना कुठले किडे लागतात, उशिरा कापणीचे फायदे. त्यांनी सगळं ऐकलं. मधे एकदाच म्हणाले, "फाईल आणलीस का?" मी म्हटलं, रेनकोटच्या आत आहे, पण आत्ता काढता येणार नाही. म्हणाले, "घाई नाही. मी इथेच आहे. तू कुठे राहतेस ते वाऱ्यावर आहे." मी विचारलं, मी त्यांच्या काठावर पडले तर कुरण ठेवतील का? त्यांनी नीट विचार केला. म्हणाले, काठावर पडलीस तर पाहुणी. पाण्यातून चालत आलीस तर बेडूक, आणि बेडकांशी ते करार करत नाहीत.

आत्या, मी पाण्यात पडले.

छातीपर्यंत पाणी आणि त्याखाली तेवढाच चिखल. गुडघा काठीवर आपटला तो तेव्हाच. एबेलेकाकांनी खत ओढायचं दाताळं पुढे केलं आणि मला रेनकोटाच्या पट्ट्यात अडकवून वर घेतलं. फाईल ओली झाली. आलेखातल्या टिटव्यांची घट पुसली जाऊन संख्या एकदम वाढलेली दिसू लागली. मला फार रडू येत होतं, थंडीचं नव्हे. चोवीस अंडी मी एका चकतीपायी हरले.

त्यांनी मला स्वयंपाकघरात बसवलं, कॉफी दिली, स्वतःची पँट दिली. (तिच्यात आमचं आख्खं मंडळ मावलं असतं.) मग ते खिडकीतून चराकडे वळले. म्हणाले, त्याच जागी, त्याच बारीक काठीवर एकतीस वर्षांपूर्वी एक मुलगी अशीच उभी राहिली होती. "तुझी आत्या." मी म्हटलं, आत्याने आम्हाला कधी सांगितलं नाही. म्हणाले, "कशी सांगेल? ती माझा होकार ऐकायला येत होती आणि मी काठावर उभा राहून हसलो. पोट धरून हसलो. ती निथळत घरी गेली आणि आठवड्यानं बोटीत बसली." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आज नाही हसलो. पाहिलंस ना?"

खरंच नव्हते हसले. पाव चावत होते ते त्यासाठीच असावं.

तर इकडची हकीकत ही अशी. गुडघ्याला आई कोबीची पानं बांधते. बाकी ठीक. बेटावर थंडी असेल तर गळ्याला मफलर गुंडाळ. आजोबांचे आशीर्वाद, बाबांचा नमस्कार.

तुझी,
वित्स्के

ता. क. एक गोष्ट राहिली. कुरणाचा करार झालाय. एबेलेकाका म्हणाले, बाउक्येनं एकदा यावं, काठावर उभं राहावं; ते तिच्यासमोर तीच बारीक काठी घेऊन, वाऱ्यापावसात, उडी मारतील आणि तिने हवं तितकं हसून घ्यावं. ते होईपर्यंत यंत्र बाहेर निघणार नाही. मी म्हटलं, आत्या नक्की येईल. तुला न विचारता शब्द दिला, ह्याची मला लाज वाटते. शिकलेल्या माणसानं असं करू नये. पण कप खाली ठेवायच्या आत माझ्या तोंडून निघून गेलं.

ता. क. २. आत्या, हात जोडून विनंती: अठ्ठावीस तारखेच्या आत येऊ नकोस. बोट चुकव. वादळाचं सांग. सायकलींचं सांग. त्यांनी एकतीस वर्षं काढली आहेत, आणखी तेरा दिवस काढतील. टिटव्यांना तेवढेच हवे आहेत.

ता. क. ३. आज सकाळी दुर्बिणीतून घरटी बघताना एबेलेकाका चरात दिसले. मग पुन्हा दिसले. तिसऱ्यांदा टोपी एकटीच दिसली. सराव चाललाय असं आजोबांचं मत आहे. माणूस साठीचा आहे आणि पाणी गार आहे, म्हणून भिजणं फुकट जात नाहीये, तू येतेस, एवढं त्यांना लगेच कळव. स्वतः मात्र सावकाश ये.