बेटावरून निघालेली तुकडी

प्रिय अक्का,

फोनवर तू विचारलंस, टीव्हीवर मालदीवचं दाखवतात ते खरं का. खरं आहे. इथल्या नव्या सरकारने आपल्या सैनिकांना जायला सांगितलं. चीनशी त्यांचा लष्करी मदतीचा करार झाला, चीनचं एक संशोधन जहाजही राजधानीजवळ येऊन गेलं. आम्ही इथे मोजकेच होतो. बेटाबेटांवरच्या आजाऱ्यांना दवाखान्यात नेणारं हेलिकॉप्टर चालतं ठेवायचं, एवढंच आमचं काम.

धक्क्याजवळ इब्राहिमचं किराणा दुकान आहे. आमच्याविरुद्धच्या मोर्चात तो सगळ्यात पुढे असायचा. एकदा त्याच्या बायकोला बाळंतपणात रक्तस्राव थांबेना. समुद्र खवळलेला, बोट निघेना. आम्ही तिला हेलिकॉप्टरने उचलून नेलं. सबंध वाटेत तो तिचा हात धरून बसला होता, आमच्याकडे त्याने पाहिलंही नाही. बायको वाचली. पुढच्याच शुक्रवारी हा पुन्हा फलक घेऊन उभा!

मला राग आला. साखर आणायला गेलो तेव्हा म्हटलं, "इब्राहिमभाई, इतक्यात विसरलात?" सिनेमे पाहून शिकलेल्या हिंदीत तो शांतपणे म्हणाला, "मरेपर्यंत विसरणार नाही. पण तुझ्या गावात दुसऱ्या देशाची छावणी असती, तर तुला चाललं असतं?" मी विचारलं, "आणि उद्या चीनची आली तर?" पुडी बांधता बांधता तो म्हणाला, "तेव्हाही मोर्चात मीच पुढे असेन."

अक्का, मी फैजपूर डोळ्यांसमोर आणलं. यावल रस्त्याला, आपल्या केळीच्या बागेला लागून परक्यांचे तंबू, परका झेंडा. बागेला पाणी द्यायला निघालेल्या आपल्या धाकट्या प्रकाशला कुणीतरी हटकतंय, कुठे चाललास म्हणून. माझा राग गेला.

मागच्या आठवड्यात आमचा झेंडा उतरला. भाषण नाही, काही नाही. हेलिकॉप्टर इथेच राहणार आहे. दोन्ही सरकारांनी ठरवलं की सैनिकांऐवजी आपल्याकडचेच साध्या कपड्यांतले तंत्रज्ञ ते सांभाळतील. आमची तुकडी सामान घेऊन विमानात बसली.

मी बसलो नाही. हवाई दलातली माझी मुदत संपलीच होती. नव्या तंत्रज्ञांत मी आपणहून नाव दिलं. इथलं यंत्र मला ठाऊक आहे, माणसंही आता थोडी कळायला लागलीत. पण आईला मी आखाजीच्या सणाला कायमचा घरी येतो म्हणून सांगून बसलोय. दर फोनला ती विचारते, "आता कधी येशीन रे?" आणि मी केळीच्या भावाचा विषय काढतो. तू धुळ्याहून आखाजीला माहेरी जाशील, तेव्हा तूच तिला सांग. फोनवर नको, जवळ बसून. चिडली तर चिडू दे. काहीच न बोलता उठून आत गेली, तर मात्र मला लगेच कळव. मिळेल त्या विमानाने मी येतो.

तुझाच,
नवीन